पऱ्हाटीचा कोळसा: उपटण्यापासून कांडीपर्यंत

कपाशीची शेवटची वेचणी झाली की कोरडवाहू शेतात एकरी साधारण ८०० ते १२०० किलो पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं-काड्या, उरते; हे वाळल्यानंतरचं वजन. थोडी चुलीसाठी धुऱ्यावर रचली जाते, बाकीची काडी लावून पेटवली जाते. उघड्यावर पेटवलेल्या एकरभर पऱ्हाटीची राख उरते ४०-५० किलो. तीच पऱ्हाटी हवा रोखून जाळली तर १६० ते २४० किलो कोळसा हाती येतो. त्याच्या कांड्या, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या जळाऊ वड्या, करून विकता येतात, घरी जाळता येतात, नाहीतर भुकटी शेणखतात मिसळून शेतात परत घालता येते.

लाकूड दोन टप्प्यांत जळतं. तापलं की आधी त्यातून वायू बाहेर पडतात आणि ज्वाळा होऊन जळतात. वायू संपले की मागे निखारा राहतो, तो बिनज्वाळेचा धगधगत राख होत जातो. कोळसा करणं म्हणजे पहिला टप्पा पुरता होऊ देणं आणि दुसरा सुरू होताच थांबवणं. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीसाठी आहेत.

कशाचा करावा, कशाचा करू नये

पऱ्हाटी आणि तुराट्या सर्वांत उत्तम. दोन्ही लाकडासारख्या टणक, जनावरांच्या कामाच्या नाहीत आणि जमिनीत लवकर कुजतही नाहीत. एरंडीची धाटं आणि मक्याची दाणे काढलेली कणसं चालतात. ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचं कुटार यांना हात लावू नका. तो चारा आहे आणि कोळसा केला तर त्याची नुसती भुकटी होते. उसाचं पाचट खोडव्याच्या सरीत आच्छादन म्हणून ठेवणंच फायद्याचं. ज्यांना ते काढावंच लागतं त्यांच्यासाठी पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली बंद पिंपांची भट्टी तयार केली. त्या कामाला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. पाचट हलकं आणि भुसभुशीत असल्यामुळे त्याला बंद पिंप लागतं, पऱ्हाटीला खड्डा पुरतो.

काड्यांपासून इथेनॉलही होतं, पण ते गावात होण्यासारखं काम नाही. काडीतली साखर लिग्निनच्या, म्हणजे लाकडाला टणकपणा देणाऱ्या घटकाच्या, वेढ्यात अडकलेली असते. ती सोडवायला आम्ल, वाफेचा दाब आणि महागडी विकरं लागतात. इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प भाताच्या पेंढ्यावर चालतो, तो एक मोठा कारखानाच आहे. शेतकऱ्याच्या हातात येतो तो कोळसाच.

उपटणी आणि वाळवण

डिसेंबरअखेर कपाशी संपवा, फरदड ठेवू नका, म्हणजे जास्तीच्या वेचणीसाठी तीच झाडं पुढे राखू नका. गुलाबी बोंडअळी उघड्या न झालेल्या, किडक्या बोंडांत दडून राहते. अशी बोंडं लगडलेली पऱ्हाटी पावसाळ्यापर्यंत धुऱ्यावर पडून राहिली तर पुढच्या हंगामाची अळी तिथूनच निघते. म्हणून ज्या फांद्यांवर बोंडं शिल्लक आहेत त्या वेगळ्या काढा आणि सगळ्यांत आधी जाळायला घ्या. संपूर्ण काम फेब्रुवारीअखेर, फार तर मार्चच्या मध्यापर्यंत आटपायचं.

पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटा. बुडखा हा पऱ्हाटीचा सर्वांत वजनदार भाग, त्याचाच कोळसा सर्वांत टणक होतो. जमिनीत थोडा ओलावा असताना उपटणं सोपं जातं. काळी जमीन कडक झाली की बुडखा तुटून आत राहतो. उपटल्यावर मुळं एकमेकांवर आपटून माती झाडा. ही पायरी बरेच जण टाळतात. मुळाशी राहिलेली माती कोळशात उतरते, कांडीची राख वाढवते आणि दळताना चक्कीच्या हातोड्या झिजवते.

आडव्या ढिगात पऱ्हाटी वाळत नाही, आतून बुरशी धरते. दहा-पंधरा पऱ्हाट्यांची मोळी शेंड्याकडे सैल बांधून तिवईसारखी उभी करा. उपटताना निम्मं वजन पाण्याचं असतं. तीन ते चार आठवड्यांच्या उन्हात ते १५ टक्क्यांच्या खाली येतं. पारख शेंड्यावर करू नका, बुडख्याजवळ करा. कट्‌कन मोडला तर तयार, वाकून सालीला लोंबकळला तर आणखी आठ दिवस थांबा. ओल्या पऱ्हाटीचा बराच जाळ स्वतःतलं पाणी उडवण्यात जातो, खड्डा धुमसतो आणि कोळसा कच्चा राहतो. बिघडलेल्या दहा खड्ड्यांपैकी बहुतेकांचं कारण इथेच सापडतं.

खड्डा

वरचं तोंड १.५ मीटर, तळ ७० सेंटीमीटर, खोली ८० सेंटीमीटर. बाजू उतरत्या, घमेल्यासारख्या. यात ४५० ते ५०० किलो वाळकी पऱ्हाटी जळून ९० ते १०० किलो कोळसा मिळतो. बाजू पाणी शिंपडून चोपून घट्ट करा. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात; भेगेतून हवा तळाशी शिरली की खालचा कोळसा राख होत राहतो आणि वरून काही कळत नाही. मुरमाड जागा मिळाली तर तिथेच खणा.

जागा उभ्या गव्हापासून, कडब्याच्या गंजीपासून आणि झाडांपासून किमान १५ मीटर लांब हवी. भोवतालचं गवत २ मीटरपर्यंत खरडून काढा. सकाळी वारा पडलेला असताना सुरू करा. दुपारी वावटळ उठण्याचा संभव असेल त्या दिवशी पेटवूच नका. पेटवण्याआधी काठावर ३०० लिटर पाणी भरून ठेवा, म्हणजे २०० लिटरचे दीड पिंप. पाणी नंतर आणू म्हणणाऱ्याचा कोळसा राख होतो. अंगात सुती कपडे, पायात बंद बूट, हाताशी लांब दांड्याचं फावडं आणि ओलं पोतं. नायलॉनचा शर्ट घालून जाळाजवळ जाऊ नका.

जाळणं

मधोमध पऱ्हाट्या आडव्या-उभ्या रचून जमिनीच्या पातळीपर्यंत चौकट करा आणि वरून पेटवा. खालून पेटवलं तर धूर वरच्या थंड काड्यांतून निघतो आणि न जळता हवेत जातो. वरून पेटवलं तर तोच धूर ज्वाळेतून जाताना जळतो. दहा-पंधरा मिनिटांत चौकट खाली बसते. निखारे फावड्याने तळभर सारखे पसरा.

आता थर द्यायचे. लांब पऱ्हाट्या मधून मोडून घ्या आणि एका वेळी ८-१० किलो, पातळ आणि सारख्या पसरतील अशा टाका. नवा थर पेटला की त्याची ज्वाळा वरची हवा खाऊन टाकते. खालच्या निखाऱ्यापर्यंत हवा पोहोचत नाही, म्हणून तो कोळसाच राहतो. ज्वाळा म्हणजे या खड्ड्याचं झाकण. थर जळत आला की काड्यांच्या कडेला पांढुरकी राख धरू लागते. राख दिसू लागली की पुढचा थर. साधारण चार मिनिटांना एक थर पडतो आणि साडेतीन तासांत खड्डा भरतो.

सगळं कौशल्य या चार मिनिटांत आहे. थर लवकर किंवा जाड टाकला तर ज्वाळा दबते आणि पांढरा-पिवळा धूर उठतो. पांढरा धूर पाण्याचा, पिवळसर धूर डांबराचा. धूर दिसला की पुढचा थर थांबवा, काडीने थोडं उचकून ज्वाळा पुन्हा धरू द्या. उलट उशीर केला तर निखारा राख होत जातो. काम नीट चाललं असेल तर धूर जवळजवळ दिसत नाही, फक्त तापलेली हवा थरथरते. एक माणूस थर देणारा आणि एक मोळी मोडून देणारा लागतो. एकट्याने केलं की वेळ चुकतेच.

जाड बुडखे सुरुवातीच्या आणि मधल्या थरांत टाका, शेवटच्या चार-पाच थरांत फक्त बारीक फांद्या. शेवटी टाकलेला बुडखा आतून शिजायच्या आत विझवायची वेळ येते आणि मधोमध तपकिरी लाकूड राहतं.

विझवणं

शेवटच्या थराची ज्वाळा बसली आणि राख दिसू लागली की लगेच पाणी. काठाकडून मधे, झारीने किंवा बारीक पाइपने, सावकाश. एकदम बादली उपडी केली तर वाफेचा लोट तोंडावर येतो आणि हात-चेहरा भाजतो. वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. वरचा थर भिजला की फावड्याने उलथून खालच्यालाही पाणी द्या. चरचर आवाज पूर्ण थांबेपर्यंत काम संपत नाही.

पाणी कमी असेल तर मातीनेही विझवता येतं. वर ओले पोते, त्यावर १५-२० सेंटीमीटर ओलसर माती आणि २४ तास थांबायचं. माती कोरडी काळी असेल तर तिला भेगा जातात आणि सकाळी अर्धा खड्डा राख निघतो. मातीवर कुठे धुराची रेघ दिसली की तिथे लगेच ओला चिखल लावा.

कोळसा बाहेर काढून उघड्यावर पातळ पसरा आणि पूर्ण एक दिवस-रात्र तसाच ठेवा. ताजा कोळसा हवेतला प्राणवायू शोषताना स्वतःच तापतो. घाईने पोत्यात भरून गोठ्यात ठेवलेला कोळसा रात्री पेटू शकतो. पोतं भरण्याआधी ढिगात हात घालून बघा, कोमट लागला तरी थांबा.

चांगला कोळसा मोडताना खणखणीत वाजतो आणि मोडलेल्या जागी काळा चमकतो. हाताला लागलेली काजळी नुसत्या पाण्याने निघाली पाहिजे. साबण लागत असेल, बोटांना तेलकट वाटत असेल, तर डांबर शिल्लक आहे आणि कांडी धूर करणार. आतून तपकिरी निघालेले तुकडे वेगळे काढा आणि पुढच्या खड्ड्यात पुन्हा टाका.

पऱ्हाटी दोन-चार गुंठ्यांचीच असेल तर खड्ड्याऐवजी २०० लिटरचं पिंप पुरतं. तळाला साधारण २ सेंटीमीटरची ३५-४० छिद्रं, वर घट्ट बसणारं झाकण. पिंप तीन विटांवर ठेवा, पऱ्हाटीचे वीतभर तुकडे उभे भरा आणि वरून पेटवा. जाळ तळाशी पोहोचला, छिद्रांतून लाल निखारा दिसू लागला की विटा काढून पिंप सपाट जमिनीवर बसवा, बुडाला ओली माती लिंपा, झाकण लावून त्याचीही फट लिंपा. तीन-चार तासांनी उघडायचं. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनेही कपाशी, तूर आणि एरंडीच्या काड्यांसाठी अशाच पिंपाची भट्टी विकसित केली आहे. एका वेळी भरतात १२-१५ किलो काड्या, म्हणून एकरभर पऱ्हाटीला हे पिंप अपुरं पडतं.

कांडी

पऱ्हाटीचा कोळसा दगडी कोळशासारखा ढेकूळ राहत नाही, वाहतुकीत चुरा होतो. म्हणून आपणच तो चुरून कांडी करायची. पाण्याने विझवलेला कोळसा थोडा ओलसर असतानाच कुटा, धूळ उडत नाही. ३ मिलिमीटरच्या जाळीतून चाळा. भुकटी जाड राहिली तर कांडी तुटते. अगदी पिठासारखी केली तर कांडीतून हवा जात नाही आणि ती मधेच विझते. नाकावर ओलं फडकं किंवा मुखपट्टी बांधा, कोळशाची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

कोळशाला स्वतःचा चिकटपणा नसतो, खळ लागते. १० किलो कोरड्या भुकटीला ८०० ग्रॅम मैदा किंवा टॅपिओकाचा स्टार्च घ्या. कीड लागलेलं ज्वारीचं पीठही चालतं, मग ते किलोभर घ्या. पीठ आधी दीड लिटर थंड पाण्यात कालवून गाठी मोडा. मग ५ लिटर उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळा. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गाठी होतात; कच्चीच खळ मिसळली तर कांडी वाळल्यावर हातात भुगा होते. भुकटी आधीच ओली असेल तर तेवढं पाणी उकळत्या पाण्यातून कमी करा.

गरम खळ भुकटीवर ओतून पायाने किंवा फावड्याने पंधरा मिनिटं मळा. मुठीत दाबलं तर गोळा टिकला पाहिजे आणि बोटांमधून पाणी निथळता कामा नये. फुकट म्हणून अनेक जण शेण वापरतात. कांडी होते, पण राख वाढते आणि उष्णता कमी होते. चिकणमातीचंही तेच. उसाची मळी उत्तम चिकटते, पण कांडी पेटताना धूर करते, घरच्या चुलीला नको.

साचा हाताचा असेल तर दीड-दोन इंची लोखंडी नळी आणि दट्ट्या पुरतो. रोज पन्नास किलोच्या वर करायचं असेल तर स्क्रूचं मोटरवालं यंत्र घ्या. यंत्रातून कांडी भेगाळून बाहेर येत असेल तर मिश्रण कोरडं आहे. वाकून लोळत असेल तर ओलं आहे. यंत्राला दोष देण्याआधी मूठ दाबून बघा.

पहिला दिवस सावलीत, मग तीन ते पाच दिवस उन्हात, रोज उलटून. पहिल्याच दिवशी कडक उन्हात टाकली तर वरची साल आवळते आणि कांडी लांबीला चिरते. वाळली का हे डोळ्यांनी कळत नाही. एकाच कांडीचं वजन सलग दोन दिवस करा, घटणं थांबलं की तयार. अर्धवट वाळलेली पोत्यात भरली तर खळीवर बुरशी येते. तयार कांडी एक मीटरवरून फरशीवर टाकली तर एखादा टवका उडेल, पण तुकडे व्हायला नकोत.

कांडीला लाकडापेक्षा पेटायला वेळ लागतो. आधी दोन-चार काड्यांच्या जाळावर ती लाल होऊ द्या. धूर नाही म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवू नका. धगधगत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, वासहीन असतो आणि झोपेतच जीव घेतो. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. तिथे ही कांडी नको, साधा कोळसाही नको.

गावपातळीवर करायचं तर

पऱ्हाटी फार जागा खाते. ट्रॉली भरलेली दिसते, वजन मात्र थोडंच असतं. दहा-बारा किलोमीटरपुढे नेली की डिझेलच खर्च खातं. म्हणून कोळसा शेतात करा आणि गावात आणा तो कोळसा, कारण त्याचं वजन पाचपटीने कमी झालेलं असतं. दळण, खळ आणि यंत्र एकाच ठिकाणी ठेवा. पाच-सहा शेतकरी मिळून एक यंत्र घेणं परवडतं, एकट्याचं वर्षातले दहा महिने पडून राहतं.

पांढरा कोळसा ही वेगळी वस्तू आहे, दोन्हींत गल्लत करू नका. तो जाळलेला नसतो. पऱ्हाटीचा भुसा प्रचंड दाबाखाली तापतो, त्यातलं लिग्निन मऊ होऊन तेच चिकटतं, खळ लागत नाही. बॉयलरवाले कारखाने तो घेतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या धोरणामुळे औष्णिक वीजकेंद्रांनाही कोळशासोबत ठरावीक प्रमाणात जैवइंधन जाळायचं आहे. पण त्या यंत्राला मोठी मोटर आणि वर्षभर पुरेल एवढा माल लागतो. ते काम शेतकरी उत्पादक कंपनीने करावं, आणि माल ठरवून घेणारा ग्राहक असल्याशिवाय यंत्राची आगाऊ रक्कम भरू नये. तिथेही अट ओलाव्याचीच असते, ८ ते १२ टक्के. जास्त ओल्या भुशातून वाफ होऊन कांडी यंत्रातच फुटते.

शेतात घालायचा तर

चाळणीवर उरलेला जाड चुरा आणि विकायला न जाणारी भुकटी शेतासाठी ठेवा. खळ मिसळलेली किंवा डांबराची तेलकट भुकटी नको. कोळसा कोरा शेतात टाकू नका. तो मातीतलं आणि खतातलं नत्र स्वतःत धरून ठेवतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं पडतं. एका घमेल्याला दोन घमेली शेणखत मिसळा, गोमूत्र किंवा गोबरगॅसच्या रबडीने भिजवा आणि ओलावा राखून तीन आठवडे सावलीत ठेवा.

पऱ्हाटीचा कोळसा अल्कधर्मी असतो. विदर्भ-मराठवाड्यातली भारी काळी जमीन मुळातच चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास, म्हणजे आधीच अल्कधर्मी. तिथे या कोळशाने उत्पादन एकदम वाढेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तिथे शेणखतासोबत थोडा द्या. हलक्या, मुरमाड जमिनीत पाणी आणि खत धरून ठेवायला त्याचा उपयोग जास्त, आणि कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत सर्वांत जास्त.

एकरभर पऱ्हाटीतून दोनशे किलो कोळसा येतो, तो एकरभर फोकून दिसणारही नाही. मूठभर भिजवलेलं मिश्रण बियाण्याच्या टोकणीच्या जागेजवळ, चार बोटं बाजूला आणि चार बोटं खोल द्या, किंवा भाजीपाल्याच्या वाफ्यात आणि नव्या फळझाडाच्या खड्ड्यात दोन घमेली घाला. मिश्रण ओलसर असतानाच मातीआड करा, वाळलं की ते वाऱ्यावर उडतं.